पर्किन्सपर्यंतची हजेरी

टिपणीसकाकांच्या घरी दुपारी जेवणानंतर तासभर बेल वाजवायची नाही, मिक्सर लावायचा नाही आणि जिन्यावरून बूट घालून चालायचं नाही, ही अट त्यांनी मला जागा दाखवतानाच घातली होती. मी पुण्याची. दुपारच्या झोपेचा आदर मला कुणी शिकवावा लागत नाही. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनसारख्या गावात, जिथे लोक दुपारचं जेवणसुद्धा सॅन्डविच तोंडात धरून चालता चालता उरकतात, तिथे कुणीतरी रीतसर वामकुक्षी घेतंय याचं मला उलट बरंच वाटलं. त्या वेळात भिंतीपलीकडून काय ऐकू येणार आहे, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. सांगता आलंही नसतं, कारण ते त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं.

डॉ. मधुकर टिपणीस म्हणजे निवृत्त भूलतज्ज्ञ. तरुणपणी मुंबईहून इथल्या हॉस्पिटलात आले आणि पेशंटना झोपवता झोपवता इथलेच होऊन गेले. कुसुमकाकू मी यायच्या आधीच वारल्या होत्या. मुलगी वैशाली कॅनडात. गॅरेजच्या जागी बांधलेल्या दोन खोल्या त्यांनी मला भाड्याने दिल्या, कारण घरात आणखी कुणीतरी श्वास घेतंय एवढं कळलं तरी पुरे, असं त्यांचं म्हणणं. मी एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम करते, बहुतेक दिवस घरूनच. माझं टेबल ज्या भिंतीला लागून होतं, तिच्याच पलीकडे त्यांची आरामखुर्ची होती.

माणूस विनोदी होता, पण विनोद करतोय हे चेहऱ्यावर कधी दिसू द्यायचा नाही. आयुष्यभर ऑपरेशनच्या टेबलाच्या डोक्याशी बसल्यामुळे आपल्याला माणसं उलटी लक्षात राहतात, असं ते गंभीरपणे सांगायचे. दुकानात एखादी बाई ‘हॅलो डॉक्टर’ म्हणाली की मान वाकडी करून, जवळजवळ खांद्याला टेकवून तिच्याकडे बघायचे आणि मग ओळख पटल्यासारखं म्हणायचे, हां, गॉल ब्लॅडर. दुसरी सवय म्हणजे जे करणार ते आधी सांगायचं. फ्रिज उघडताना ‘आता थोडं गार लागेल’. माझ्या बोटात घुसलेली लाकडाची काडी काढताना ‘आता टोचेल, आणि मग संपेल’. पहिले काही आठवडे मला वाटलं, एकटेपणाने स्वतःशीच बोलतायत. मग कळलं की ते माझ्याशी बोलत होते. समोरच्याला न सांगता त्याच्या अंगाला काही लागू द्यायचं नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं.

आणि ते लोकांचे श्वास बघायचे. जेवायला चार माणसं बोलावलेली असावीत, कुणीतरी तावातावाने भारतातल्या राजकारणावर बोलत असावं, आणि काकांची नजर त्याच्या तोंडाऐवजी छातीवर असावी. एका तरुण जोडप्यातल्या बाईला ते इतकं खटकलं की ती ओढणी सावरून बसली. मी नंतर काकांच्या कानावर घातलं. ते खरोखर शरमले, आणि पुढच्या वेळी त्यांनी आख्खं जेवण ताटात डोकं घालून केलं. कान मात्र टवकारलेलेच होते. निघताना त्या बाईच्या नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाले, एकदा झोपेची तपासणी करून घ्या. त्याने घेतली, झोपेत श्वास अडकतो असं निघालं आणि त्याला रात्री लावायचं मशीन लागलं. त्यानंतर ती बाई काकांना दर संक्रांतीला तिळगूळ आणून द्यायची.

दुपारचा प्रकार मला पहिल्याच आठवड्यात कळला. मी मीटिंगमध्ये होते, माइक बंद, समोर कुणीतरी स्लाइड वाचून दाखवत होतं. पलीकडून आवाज आला: “अ‍ॅडम्स.” मग शांतता. मग “बेकर.” पुन्हा शांतता. मला वाटलं टीव्ही लावलाय. पण टीव्हीवर कुणी एवढं थांबत नाही. प्रत्येक नावानंतर तो आवाज वाट बघत होता, समोरून कुणीतरी काहीतरी म्हणतंय आणि ते ऐकल्यावरच पुढे जायचंय अशी. कार्टर. डॉब्ज. एलिस. शाळेतल्या हजेरीसारखं अक्षरांच्या क्रमाने चाललं होतं. ‘पर्किन्स’ला आलं आणि थांबलं. मी पुढच्या नावाची वाट बघत बसले, पण ते आलं नाही. थोड्या वेळाने काका खाकरले आणि किटलीत पाणी भरल्याचा आवाज झाला.

मला अस्वस्थ केलं ते नावांनी नाही, आवाजाने. काकांचं इंग्रजी पन्नास वर्षं इथे राहूनही दादरचंच होतं. हा आवाज जन्मजात साहेबाचा, ओठ फारसे न हलवता बोलणारा, जुन्या लष्करी माणसाचा होता. मी एकदा उठून त्यांच्या दारातून डोकावले. खुर्चीत काकाच होते. डोळे मिटलेले, हात मांडीवर, आणि ओठ काकांचेच हलत होते. मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही, पण त्या दिवशी मी लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात जाऊन बसले.

पुढे सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, आणि भाडं वाजवी होतं. दर दुपारी नाही, पण आठवड्यातून तीन-चारदा हजेरी व्हायची, आणि कधीही पर्किन्सच्या पुढे जायची नाही. मी काकांना विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाला तुम्ही झोपेत बोलता असं सांगणं मला बरं वाटेना.

ते सांगायची वेळ आली ती त्यांच्या दुखण्याने. पोटात सारखं दुखतं म्हणून स्कॅन केला, तर आतड्यात गाठ निघाली. सर्जनने सांगितलं, अजून वेळेत आहे, काढून टाकू, चांगली वर्षं मिळतील. काकांनी सगळं ऐकून घेतलं, आभार मानले आणि नाही म्हणून घरी आले. वैशालीचे फोन सुरू झाले, आधी त्यांना, मग मला. तिचं मराठी इथल्या शाळेत वाढलेल्या मुलीचं, त्यात रडत होती. “तू त्यांना सांग ना. माझी ऐकत नाहीत. त्यांना सर्जरीचा भीती नाहीये, ही जस्ट डझन्ट वॉन्ट द अ‍ॅनेस्थेटिक. ही वॉज अ‍ॅन अ‍ॅनेस्थेटिस्ट, फॉर गॉड्स सेक.”

मी विचारलं तेव्हा काका अगदी साध्या सुरात म्हणाले, “भूल घ्यायची नाही मला. तिथे कुणीतरी थांबलंय.”

मी फोन काढला. आदल्या आठवड्यात, कधी वैशालीला ऐकवावं लागलं तर असावं म्हणून, मी भिंतीला फोन लावून आवाज रेकॉर्ड केला होता. तो लावला. अ‍ॅडम्स, बेकर, कार्टर. काकांचा हात चहाच्या कपावर होता, तो तिथेच राहिला. पर्किन्स झालं, पुढची शांतता झाली, रेकॉर्डिंग संपलं. त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांचे डोळे भरून आले होते. मी झोपेत बोलतो असं कुसुम सांगायची, म्हणाले, मी तिला खोटं ठरवत आलो. मग त्यांनी उठून काचेचं कपाट उघडलं.

त्या कपाटात काकूंच्या चांदीच्या भांड्यांमध्ये एक परदेशी पदक ठेवलेलं होतं. चांदणीच्या आकाराचं, मधोमध लाल आणि निळा रंग एकमेकांच्या कुशीत वळलेले, वर जुनाट फीत, आणि फितीवर कुंकवाचा गेलेला न गेलेला डाग. आल्यागेल्याने विचारलं की काका म्हणायचे, माझं नाही, सांभाळायला दिलंय. कुणी? कर्नलने. ते कुठे असतात? झोपलेत. मला ती त्यांची नेहमीची थट्टा वाटायची. आता ते पदक टेबलावर ठेवून त्यांनी सगळं सांगितलं, आणि सांगण्यापूर्वी म्हणाले की हे मी कुसुमलासुद्धा सांगितलेलं नाही, कारण भुलीत जाताना पेशंट जे बोलतो ते आमच्याकडे कुणी बाहेर बोलत नाही.

कर्नल दोन गल्ल्या सोडून राहायचे. कोरियातल्या लढाईच्या वेळी ते मेजर होते आणि एका टेकडीवर त्यांची तुकडी होती. ती टेकडी त्यांनी सोडली नाही म्हणून कोरियाच्या सरकारने त्यांना हे पदक दिलं. तेव्हा कोरिया असे सन्मान बाहेरून लढायला आलेल्या कमांडरांना देत असे, आणि या देशाचा रिवाज असा, की परक्या सरकारने दिलेलं पदक छातीवर लावायचं तर राजाची परवानगी लागते. कर्नलना ती मिळाली होती. तरी त्यांनी ते कधी लावलं नाही. नोव्हेंबरात शहिदांच्या स्मारकापाशी सगळे म्हातारे सैनिक जमायचे, तेव्हा यांच्या कोटावर बाकीची पदकं ओळीने असायची आणि त्यात एक जागा मोकळी सोडलेली असायची, पडलेल्या दातासारखी. ती जागा मुद्दाम सोडून शिवून घेतली होती म्हणे. लोक विचारायचे आणि कर्नल हवापाण्यावर बोलायला लागायचे.

त्यांचं ऑपरेशन ठरलं आणि भूल द्यायला टिपणीसकाका होते. टेबलावर घेतल्यावर लक्षात आलं, की म्हाताऱ्याची मूठ मिटलेली आहे. आत हे पदक. ऑपरेशनच्या वेळी अंगावर धातू चालत नाही, अंगठ्यासुद्धा काढतात. नर्स मागत होती, ते देत नव्हते. मग काका त्यांच्या डोक्याशी वाकले आणि म्हणाले, माझ्याकडे द्या कर्नल, जागे झालात की तुमच्या हातात देईन. त्यांनी दिलं.

“मग मी नेहमीसारखं म्हटलं, एखादी छान जागा आठवा. लोक काय सांगतात? समुद्र, आजोळ, कुणी कुत्र्याचं नाव घेतो. हे म्हणाले, टेकडी. आणि नावं घ्यायला लागले. प्रत्येक नावानंतर थांबत होते. मी औषध सोडत होतो, अगं, आणि ते एकेकाची वाट बघत होते. पर्किन्स म्हणाले, थांबले, आणि गेले. म्हणजे भुलीत गेले.”

ते त्यातून बाहेर आलेच नाहीत. ऑपरेशन चांगलं झालं होतं, कुणाचं काही चुकलं नव्हतं. काही दिवस मशीनवर होते आणि मग संपलं. काका पदक घेऊन त्यांच्या बायकोकडे गेले. तिने दारातूनच सांगितलं, की त्यांनी ते तुम्हाला दिलंय, मला नाही, आणि मला ते घरात नको. मग जे बोलली त्यावरून काकांना कळलं. टेकडी सोडून मागे यायचा हुकूम आलेला होता. निघण्याआधी मेजरनी हजेरी घेतली. पर्किन्स नावाचा पोरगा उत्तर देईना. तो जिवंत आहे असं मेजरना वाटत होतं, म्हणून ते थांबले, पुन्हा हाक मारली, पुन्हा थांबले. त्या थांबण्यात वरून तोफगोळे आले आणि पोरं जागच्या जागी गेली. ज्यांची नावं पर्किन्सच्या नंतर होती ती घ्यायची राहून गेली. आणि वर पदकाच्या कागदावर लिहून आलं, की या अधिकाऱ्याने अखेरपर्यंत आपली जागा सोडली नाही.

काका म्हणाले, पुढचं तुला जास्त कळेल, तू आपल्यातली आहेस. त्याच वर्षी खंडेनवमीला कुसुमने शस्त्रं मांडली. टिपणिसांकडे पूर्वी तलवारी पुजायचे, इथे तलवार कुठली, म्हणून कात्री, सुरी, काकांचा स्टेथोस्कोप आणि घशात नळी घालताना लागतं ते लॅरिंगोस्कोप. कुणाचं तरी शौर्य आपल्या घरात आहे, ते ड्रॉवरमध्ये कसं ठेवायचं, म्हणून तिने पदकही पाटावर ठेवलं. मंत्र काकाच पुस्तकातून वाचत होते. आवाहन झालं, गंध झालं, हळदकुंकू झालं, आणि हॉस्पिटलचा बीपर वाजला. ते तसेच उठून गेले. परत आले तोवर काकूंनी सगळं उचलून जागच्या जागी ठेवलं होतं.

“उत्तरपूजा राहिली,” काका म्हणाले. “बोलावलं, आणि निरोप दिला नाही.”

“मग नंतर का नाही केली?”

“कुसुम पण तेच म्हणायची. अगं, पण निरोप द्यायचा म्हणजे ते आता उठणार नाहीत असं मी कबूल करायचं. मी तर त्यांना सांगितलं होतं, जागे झालात की देईन.” त्यांनी पदक मुठीत घेतलं. “आता मी भूल घेतली आणि तिथे ते भेटले, तर काय सांगू? वस्तू कपाटात ठेवून आलोय?”

हे हसण्यावारी नेणं सोपं होतं. मला ते जमलं नाही. मला त्यांचा राग आला, एवढा शिकलेला माणूस आणि एका पाटाच्या पायी जीव घालवायला बसलाय, आणि त्याच वेळी मला वाटलं की खरंच ते तिथे थांबलेले असतील तर. मी विचारलं, पर्किन्सने उत्तर दिलं तर चालेल का? काकांनी मुठीतलं पदक परत टेबलावर ठेवलं. तो पोरगा मेला असं कुठे कुणी म्हटलं होतं? त्याने फक्त उत्तर दिलं नव्हतं.

शोधायला फार दिवस लागले नाहीत. त्या पलटणीच्या माजी सैनिकांची एक संघटना होती, तिच्या सेक्रेटरीबाई फोनवर उत्साहाने बोलल्या. पर्किन्स कैदेत सापडला होता, लढाई संपल्यावर सुटून आला, बर्मिंगहॅमला कारखान्यात नोकरी केली. आता नव्वदी उलटलेली, एका केअर होममध्ये आहे. त्या तुकडीतला तेवढाच उरलाय. पण जाऊन उपयोग नाही, त्या म्हणाल्या, तो आता कुणाशी बोलत नाही.

आम्ही गेलो. काकांनी सूट घातला होता, आणि वाटभर उजवा हात कोटाच्या खिशातून बाहेर काढला नाही. सकाळची वेळ होती, हॉलमध्ये टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम चालू होता. तिथली देखभाल करणारी केअरर आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेली. खिडकीपाशी टेकून बसवलेला एक लहानखुरा म्हातारा, मान मागे उशीवर, डोळे मिटलेले. कित्येक महिन्यांत एक शब्द बोललेले नाहीत, तिने सांगितलं, आणि ती दारापाशी उभी राहिली.

काका त्याच्या समोर बसले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून त्याच्या डोक्यामागे लावली, आयुष्यभर बसले तिथे. मग वाकून, आपल्या दादरी इंग्रजीत, त्याला सांगितलं की मिस्टर पर्किन्स, मी आता काही नावं घेणार आहे, थोडं दुखेल. आणि सुरुवात केली. अ‍ॅडम्स. थांबले. बेकर. थांबले. मला ती यादी तोंडपाठ होती. काकांचा आवाज काकांचाच होता, म्हातारा, जरा कापरा. हॉलमधून कांदा कसा चिरावा हे कुणीतरी सांगत होतं. ओवेन. थांबले.

“पर्किन्स.”

आम्ही वाट बघितली. केअररने माझ्याकडे बघितलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल रे बाबा. म्हाताऱ्याचे ओठ हलले, आधी नुसतेच.

“हिअर, सर.”

काकांनी डोळे मिटले. त्यांच्याकडे पुढचं काही नव्हतंच. यापुढची नावं त्यांनी कधी ऐकलेली नव्हती, मीही नाही. आणि मग म्हाताऱ्याच्या तोंडून दुसरा आवाज आला. ओठ फारसे न हलवता बोलणारा, जुन्या साहेबाचा. माझ्या टेबलामागच्या भिंतीतून मी जो ऐकत आले होते, तोच. “रीड,” तो म्हणाला, आणि थांबला. “शॉ.” थांबला. “टर्नर.” “वेब.” “यंग.” प्रत्येकाला पुरेसा वेळ दिला जात होता, आणि उत्तर मिळाल्याशिवाय तो आवाज पुढे जात नव्हता. मला उत्तरं ऐकू आली नाहीत. काकांना आली असावीत, कारण प्रत्येक नावानंतर त्यांची मान किंचित हलत होती.

शेवटी तो आवाज ‘थँक यू, जेंटलमेन’ म्हणाला, आणि पांघरुणाखालून एक हात बाहेर आला. तळवा वर करून पुढे झाला आणि तसाच थांबला.

काका उठले. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर वरून वाकले, आणि जे वाक्य त्यांनी आयुष्यभर प्रत्येक पेशंटला ऐकवलं होतं, फक्त एकालाच ऐकवता आलं नव्हतं, ते त्यांनी अगदी कामावर असल्यासारखं म्हटलं.

“ऑपरेशन इज ऑल फिनिश्ड, कर्नल. यू कॅन ओपन युअर आईज नाउ.”

त्यांनी पदक तळव्यावर ठेवलं. बोटं मिटली, आणि डोळे उघडले. निळे, पाणावलेले, गोंधळलेले डोळे. तो कुणीही असो, जागा होता.

मग तो बर्मिंगहॅमच्या साध्या माणसाच्या आवाजात, कुणाकडेही न बघता बोलला. म्हणाला, मेजरांची हाक मला ऐकू येत होती, सगळा वेळ ऐकू येत होती, तोंड उघडत नव्हतं. केअरर रडायला लागली होती. त्याने तिला विचारलं की चहाची वेळ झाली का. मूठ मात्र उघडली नाही, आणि आम्हीही उघडायला लावली नाही.

परतीच्या वाटेवर काका शेजारच्या सीटवर झोपले. दुपारच झाली होती. मी रेडिओ बंद करून कान देऊन होते. नुसता श्वास चालला होता, जरा घरघरणारा, एका म्हाताऱ्या माणसाचा. घर जवळ आल्यावर उठले आणि म्हणाले, सर्जनचा नंबर आहे ना तुझ्याकडे?

वैशालीला विमान मिळायला वेळ लागला, म्हणून ऑपरेशनच्या सकाळी मीच बरोबर होते. भूल द्यायला तन्वी नावाची नागपूरची मुलगी होती, नुकतीच इथे रुजू झालेली. एवढ्या ज्येष्ठ डॉक्टरांना आपण भूल द्यायची, म्हणून बिचारी घाबरलेली होती. काकांनी तिची यथेच्छ थट्टा करून तिला हसवलं. तिने सगळे प्रश्न विचारले, दात, अंगठी, अ‍ॅलर्जी, आणि मग हात पुढे करून म्हणाली, “काका, चष्मा द्या ना माझ्याकडे. जाग आली की लगेच देते.”

“नाही,” काका म्हणाले. एवढ्या मोठ्याने बोललेले मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ती दचकली. मग ते नेहमीच्या आवाजात आले. “तुझ्याकडे नको, बाळा. मला काहीही परत द्यायचं तू कबूल करू नकोस.” त्यांनी चष्मा काढला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. “हा तुला. सांभाळायला नाही, ठेवून घ्यायला. मी मागणार नाही.”

मी काहीतरीच बोलले, की अहो मग उठल्यावर पेपर कसा वाचाल. नवा करू, ते म्हणाले. मग त्यांना नेलं.

ऑपरेशन नीट झालं. गाठ पूर्ण निघाली. काका उठले नाहीत. का गेले, ते कुणाला सांगता आलं नाही, वय झालं होतं एवढंच सगळे म्हणत राहिले. संध्याकाळी तन्वी कॉरिडॉरमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली. मला विचारायचं नव्हतं, पण तीच म्हणाली, की भूल देताना ते काही बोलले नाहीत. मी त्यांना म्हटलं, काका, एखादी छान जागा आठवा. तर म्हणाले, मला नको, तू घरी कशी जातेस ते सांग. मी सांगत होते, इथून बस, मग युनिव्हर्सिटी, मग पूल, मग उतरल्यावर पोलिश दुकान. सांगता सांगता पुलापर्यंत आले होते मी. तेवढ्यात झोपले.

काळोख पडला तेव्हा मी तिला स्टॉपवर सोडायला गेले. तिचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते आणि खिशात काही नव्हतं. बस आली, ती चढली, वरच्या मजल्यावर तिला पुढची सीट मिळाली, आणि ती घरी गेली.